वज्री माहेरी गेली

सुकन्या बाळंतपणाला नांदेडहून उदगीरला माहेरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत झबली-टोपड्यांच्या खाली एक जाडजूड कादंबरी होती. ‘काळशिळेच्या पहारेकरणी’. तरुण पोरापोरींसाठी लिहिलेली, तलवारींची, जादूच्या डोंगराची, लढणाऱ्या मुलींची. धाकटी नणंद मंजुश्री हिनं ती हातात कोंबताना बजावलं होतं, “वैनी, आपल्या कट्ट्यावर लेखिका स्वतः येणार हाय. पुस्तकावर तुम्हीच बोलायचं. फोनवरून का होईना.”

नांदेडला महिन्यातल्या एका रविवारी वाचनकट्टा भरायचा, आणि तिथं सुकन्याच्या अभिप्रायाला मान होता. सासरच्या गावात ‘सोमेशची बायको’ असं न म्हणता तिला नावानं ओळखणारी तेवढीच एक जागा. दिवस गेले तशी माणसं बाळाची चौकशी करू लागली, पुस्तकाचं कुणी विचारेना. म्हणून मंजुश्रीनं गळ घातल्यावर ती हरखून हो म्हणाली. यावेळी फजिती झाली तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हेही तिला कळत होतं.

शिवांश झाला. घरी आल्यावर जरा उठून बसता येऊ लागलं, तसं तिनं पुस्तक काढलं. पहिलं पान उलटायच्या आत तिच्या आई, नीलम्मा, शेगडी घेऊन आत आल्या.

“ठेव ते! ओल्या बाळंतिणीनं वाचलं की डोळे जातात. कानाचा रुमाल कुठं हाय तुझा?”

“अव्वा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही होत नाही वाचल्यानं.”

“त्या बाईला स्वतःला केवढा जाड चष्मा हाय, बघितलीस का?”

सुकन्यानं तोंड फिरवलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. अलीकडं ते कशानंही यायचं. नीलम्मांनी शेगडी ठेवली, पुस्तक उचललं, मागून पुढून पाहिलं.

“एवढं का अडलंय याच्यावाचून?”

“लोक म्हणतील, झालं, आता ही पोराच्या दुपट्यांतच गुंतली.”

नीलम्मा बाजेच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, “बरं. मी वाचते, तू ऐक. कानाला काय धाड भरली न्हाई.”

तेव्हापासून रोज सकाळी, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा आटोपली की नीलम्मा पदर डोक्यावर घेऊन बाजेजवळ बसत. आयुष्यभर पोथी वाचलेली बाई. त्यांनी काळशिळेचं युद्धही पोथीच्या चालीवरच लावलं. अध्याय संपला की पुस्तकाला हात जोडत. ओव्याच्या धुरीचा वास, अंगात मुरलेलं तेल, छातीशी चुटुचुटु दूध पिणारं लेकरू. सुकन्या अर्धी ऐके, अर्धी पेंगे, आणि पेंगेतही तिला डोंगर दिसे.

काळशिळेची सेनापती होती वज्री. एका डोळ्याची, म्हातारी, तोंडाची फटकळ. तिच्या हाताखाली उल्का आणि बाकीच्या पोरी. पुस्तक मध्यावर आलं तेव्हा शत्रू घाट चढून आला.

“आणि दरवाजात वज्री उभी राहिली. एकटी. समोरून अवघं सैन्य आलं...” नीलम्मा थांबल्या. चष्मा पुसला. “आणि मग वज्री माहेरी गेली.”

“माहेरी? लढाई टाकून?”

“थकली नसंल का बाई? कवापासून उभी हाय दरवाजात. तू लेकराकडं बघ, ठसका लागंल.”

दोन दिवसांनी जुळ्या बहिणींतली थोरली माहेरी गेली. मग एक तिरंदाज तीर्थाला गेला. आधी सुकन्याला नवल वाटलं. मग तिला ते फार आवडलं. काय लेखिका म्हणायची! ऐन युद्धात लढवय्या बाईला माहेरपण देणारी! आपणही तर कसल्याशा लढाईतूनच इथं येऊन पडलोय, असं तिला वाटलं. बाळ निजलं की ती मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागली, आणि शेवटचा अध्याय झाल्यावर तिनं फोनवर अभिप्राय रेकॉर्ड करून मंजुश्रीला धाडला.

त्यात ती म्हणाली होती, ‘युद्धाच्या गोष्टीत माणसं मरतातच, असं आपण धरून चालतो. या कादंबरीत एकही मरत नाही. थकलेली बाई माहेरी जाते. असं युद्ध मी कधी वाचलं नव्हतं.’

कट्ट्याच्या आदल्या दिवशी सकाळीच मंजुश्रीचा फोन आला.

“वैनी, तुम्ही कोणतं पुस्तक वाचलात?”

“म्हणजे?”

“वज्री मरते की हो! त्या पानावर मी किती रडले! आणि तो तिरंदाज? त्याचं तर मुंडकं उडतं. हे उद्या लेखिकेसमोर लावू का नको?”

सुकन्याचे कान रुमालाआड तापले. न वाचता बोलली, असंच सगळे म्हणणार. फोन ठेवून ती तडक स्वयंपाकघरात गेली. नीलम्मा डिंकाचे लाडू वळत होत्या.

“अव्वा, वज्रीचं काय झालं खरं सांग.”

नीलम्मांनी हातातला लाडू वळून पुरा केला.

“मेली.”

“मग तू—”

“तू पाजून राहिली होतीस. लेकराच्या तोंडात दूध आणि कानात मढी, असं करू का मी? आणि तू? पिठाचे डबे वाजले तरी दचकत होतीस. तुला कुठून मरण वाचून दाखवू?”

“माझी लाज गेली की गं!”

“लाज गेली तर येईल परत. तू धड रहा म्हंजे झालं.” असं म्हणाल्या खऱ्या, पण मग त्यांनी लाडवाचं ताट बाजूला सारलं. “एवढं आडवं येईल, असं वाटलं न्हाई मला.”

दुपारी दुकान बंद करून तिचे वडील ईश्वरप्पा जेवायला आले, तर बायकोनं नातू त्यांच्या मांडीवर दिला आणि पुस्तक लेकीच्या हातात. “खिडकीपाशी बसून वाच. उजेडात. आणि रुमाल सोडायचा न्हाई.”

सुकन्यानं वगळलेली पानं शोधून शोधून वाचली. वज्रीचं मरण अवघ्या चार ओळींत होतं. ना आक्रोश, ना भाषण. दरवाजा तिच्यामागं बंद होतो आणि आतल्या पोरी कडी घट्ट धरून उभ्या राहतात, एवढंच. वाचता वाचता सुकन्याला हुंदका आला, आणि त्या हुंदक्यातच बरंही वाटलं. वाचणारी बाई कुठं गेली नव्हती. मागं अप्पा नातवाला बाजारातला सोयाबीनचा भाव समजावून सांगत होते.

रविवारी मंजुश्रीनं फोन माईकला लावला, इकडं सुकन्यानं स्पीकर चालू केला. सुकन्यानं आधी जुना अभिप्राय लावायला सांगितला. पलीकडं खसखस पिकली, मग कुजबुज. मग ती बोलू लागली.

“हसा, हसा. ओल्या बाळंतिणीला मरण ऐकवायचं नसतं, म्हणून माझ्या आईनं मेलेल्या सगळ्यांना माहेरी पाठवलं. खरं पुस्तक मी काल वाचलं. तलवारींची नावं फार आहेत, लक्षात राहत नाहीत, आणि तो दुष्ट राजा नुसताच ओरडतो. पण लढाईच्या आदल्या दिवशी पोरी भाकरीच्या तुकड्यावरून भांडतात, ते वाचून वाटलं, या पोरींना लेखिका आतून ओळखते. आणि वज्रीच्या त्या चार ओळींना पाचवी जोडली नाही, त्याबद्दल ताई, तुमचे आभार. पुस्तक तुम्ही लिहिलंत तेच मोठं आहे. फक्त मागच्या महिन्यात ते मला झेपलं नसतं. तेव्हा जेवढं झेपेल तेवढंच मला वाचून दाखवणारं माणूस मिळालं. त्या दरवाजात माझ्यासाठी कोण उभं होतं, हे मला काल कळलं.”

मग लेखिकेचा आवाज आला. “तुमच्या आईंना नमस्कार सांगा. वज्रीला मारताना मला फार जड गेलं होतं. ती कुठंतरी माहेरी आहे, हे ऐकून बरं वाटलं.”

नीलम्मा दाराशी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. ऐकून त्यांनी पदर सावरला आणि पुढचं दुपटं घडीला घेतलं.

टाळ्या ओसरल्यावर मंजुश्री फोनवर आली. “वैनी, पुढच्या कट्ट्यालाही तुम्हीच बोलायचं म्हणून राहिलेत सगळे. पुस्तक पाठवू?”

सुकन्या आईकडं बघत हसली. “पाठव.”

“जरा मोठ्या टाइपाचं पाठवा म्हणावं,” दारातून नीलम्मा म्हणाल्या.