मालकांनी स्वतःची दाढी केली

मित्रांनो, मी एक जुना वस्तरा आहे. पात्याला धार आहे, मुठीला तडा आहे आणि बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

भट्टीत तापलो, हातोडीखाली चपटा झालो आणि दोन खुर्च्यांच्या एका दुकानात कामाला लागलो. दुकान आमच्या मालकांचे आणि त्यांचे भागीदार लंबू यांचे. बाहेर ज्यांच्यापुढे दहाजण हात बांधून उभे राहत, ते साहेब माझ्यापुढे श्वास रोखून बसत. माझे कौतुकही तेच करत, पण दाढी झाल्यावर!

मालकांनी हजारो दाढ्या केल्या, स्वतःची एकही नाही. सोमवारी दुकान बंद असे, तेव्हा ते आणि लंबू एकमेकांची करत. "मान हलवू नकोस रे, गळा चिरला तर उद्या दुकान कोण उघडणार?" लंबू दर सोमवारी हेच म्हणत आणि दोघे दर सोमवारी हसत.

मग लंबू वारले. मालकांची दाढी वाढू लागली. दुसऱ्याच्या दुकानात बसणे त्यांच्या जिवावर येई. एके दिवशी लेकीचा फोन आला. मला धार लावायचा चामडी पट्टा खुंटीवर असे, तिचा आवाज तिथपर्यंत ऐकू आला. "बाबा, शेजारच्या काकू सांगत होत्या, तुमचा पार अवतार झालाय. रविवारी येतेय. तसेच दिसलात तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे. वाद नको!"

मालक या वयात शिकाऊ झाले. सवयीने ते खुर्चीच्या मागे उभे राहिले आणि रिकाम्या खुर्चीवरून आरशात स्वतःला शोधू लागले. मग ओशाळून बसले. आरशात सगळे उलटे. हात कानाकडे न्यावा, तर तो नाकाकडे येई. "मान हलवू नका," ते स्वतःलाच म्हणाले. बोलताना हनुवटी हलली आणि मी रुतलो. तुरटी लावून झाल्यावर त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिले. तिथून कुणी हसले नाही.

गुरुवारी एक गाल जमला. शनिवारी डोक्यावरून हात नेऊन कातडी ताणायची युक्ती सापडली. रविवारी चेहरा लख्ख होता.

लेकीने दारातच त्यांच्या गालावरून हात फिरवला. "अय्या, किती छान! मी उगीच घाबरले. तुम्ही तर एकदम मजेत आहात. मग मी तीनच्या गाडीने निघते हं."

"अगं, चहा तरी..."

"पुढच्या वेळी, बाबा!"

दुकान वाचले. मालकांनी मला पट्ट्यावर फिरवायला घेतले. धार मुळीच गेली नव्हती, तरी ते बराच वेळ फिरवत राहिले.

मित्रांनो, वस्तरा ओला ठेवू नका, गंज चढतो. एवढे माझ्यासाठी. आणि मालकांसाठी एकच सांगतो, कुणाला भेटायला गेलात तर गुळगुळीत गाल पाहून लगेच उठू नका. माझ्याने फक्त दाढी निघते.