सासू नावाचा क्लास

सून भिंतीशी बोलत होती, आणि नेमकं हेच सासूबाईंना सोसत नव्हतं. घरात धडधाकट कानांची बाई बसलेली असताना भिंतीची मनधरणी कशाला?

"भिंत हुंकार तरी देते का गं?"

सून दचकली. उद्या कॉम्प्युटर क्लासच्या लोकांसमोर तिला एक धडा शिकवून दाखवायचा होता. जमला तर शिक्षिकेची नोकरी. मागच्या खेपेला दातखीळ बसली आणि ती धडा अर्धवट टाकून आली होती.

"मला सांग," म्हणत सासूबाईंनी तिच्या कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढली.

"पास्कल म्हणून कॉम्प्युटरची एक भाषा आहे, आई. त्यात आधी क्लास लिहायचा."

"लिहायचा? क्लासला तर तू जाणार आहेस."

"तो वेगळा. हा क्लास म्हणजे नुसतं वर्णन. मी सासू नावाचा क्लास लिहिलाय. सासूला काय असतं? वय, राग. तिला काय येतं? बोलणं."

"येतं बाई," सासूबाईंनी चष्मा पुसला. "मग ही राहते कुठं?"

"अजून कुठंच नाही. वर्णन केलं, नाव ठेवलं, तरी नावामागं कोणी नाही. त्याला बोल म्हटलं की प्रोग्राम कोसळतो. आधी क्रिएट म्हणायचं, मग खरी सासू तयार होते. तिला ऑब्जेक्ट म्हणतात."

इयत्ता दुसरीनंतर सासूबाईंना कोणी काही शिकवलं नव्हतं, आणि प्रश्न विचारलेले तर तेव्हाही खपत नसत.

"क्रिएट दोनदा म्हटलं तर?"

"दोन सासवा."

"एकाच वर्णनाच्या? मग दोघी सारख्याच करवादणार."

"नाही ना. राग दोघींनाही, पण किती ते जिचं तिच्यापाशी. एकीचा वाढवला तरी दुसरीचा तेवढाच." सुनेचे हातही आता बोलायला लागले होते.

"माझा किती धरलास?"

"शंभरात चाळीस."

"ही सवलत कोणी मागितली होती?"

सुनेनं हसत नव्वद केले. "आणि काम संपलं की फ्री म्हणायचं. सासूची जागा मोकळी होते." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"पुढं बोल. वर्णन राहतं?"

"राहतं."

"म्हणजे दुसरी करता येते."

"येते. पण ती तीच नसते, आई."

सासूबाईंनी वाकून पडद्यावरची न कळणारी अक्षरं न्याहाळली. मग सुनेकडे वळल्या.

"निम्मं डोक्यावरून गेलं. पण उठावंसं वाटलं नाही. तुला शिकवता येतं, पोरी."