वेशीवरचं मुंडकं

वेशीच्या कमानीत कोरलेलं जनावर वरच्या आळीला घोडा दिसायचं आणि खालच्या आळीला बैल. ज्याचं जनावर त्याची वेस, या हट्टापायी डोकी फुटली. दोन माणसं गेली, त्यातला एक माझ्या मुलीचा दीर. वेशीला दोन कुलपं लागली, प्रत्येक आळीचं एक. मुलगी खालच्या आळीत दिलेली. दोन वर्षं तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

समेटाची बैठक कचेरीत होती. मी जुना पाथरवट, म्हणून मला साक्षीला बोलावलेलं. बाकावर बसवेना. उठायचो, खिडकीशी जायचो, पुन्हा बसायचो.

"काका, घोडा म्हणा, विषय संपला," आमच्या आळीचा पुढारी कानाशी लागला. "आमच्या आजोबांनीही घोडाच पाहिलाय."

"तुझ्या आजोबांना मोतीबिंदू होता."

आत गेलो. दगड तपासायला आलेल्या बाईंनी फोटो पुढे सरकवला. "धड फार जुनं आहे. पण मुंडक्यावर छिन्नीचे घाव उलट्या अंगाने उतरलेत. असं का?"

बोललो तर दोन्ही आळ्या मला फाडून खातील. गप्प बसलो तर कुलपं तशीच.

"मी डावखुरा आहे," म्हणालो. "मुंडकं माझ्या हातचं. चाळीस वर्षांपूर्वी डागडुजी निघाली, तेव्हा जुनं झिजून पार गोटा झालेलं. मुकादम म्हणाला, कोर काहीतरी. समोर आमचा कुत्रा झोपला होता."

दोन्ही पुढारी एकदमच ओरडले, "म्हातारा खोटं बोलतोय!"

"चला, एका गोष्टीवर तरी एकमत झालं," बाई म्हणाल्या. "शिडी लावून बघू."

सगळे वेशीपाशी आलो. शिडी उंबऱ्यावरच टेकणार, म्हणजे वेशीचं दार उघडायला हवं. दोघांनी कुरकुरत आपापली किल्ली काढली. आमचा पुढारी आधी चढून उतरला, मग त्यांचा चढला.

"कान तर कुत्र्याचेच," वरून आवाज आला.

"मग धड कशाचं?" खालून आमचा ओरडला.

पुन्हा जुंपली. मी शिडी घट्ट धरून होतो. पलीकडच्या गर्दीतून मुलगी पुढे आली. केस पांढरे झालेले.

"बाबा, डोकी फुटली तेव्हाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मी मान हलवली.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

कुणी विचारलं नाही, असं ओठावर आलं होतं. ते गिळलं. दार सताड उघडं होतं. ती पलीकडेच उभी राहिली, आणि वर माणूस असल्यामुळे मला शिडी सोडता येईना.