कडी कुणाची

कडी पितळेची, मधोमध बोटांनी घासून उजळलेली, कडेला काळी... आईच्या कपाटातून चादर काढायला तिने ती उचलली, सोडली, ‘टक्’ झालं, आणि हात तिथेच राहिला. रोजचाच आवाज. पण ‘चोरवाट’ हा संगणकावरचा खेळ मांडून बसलेला कुठलाही माणूस, कुठल्याही गावी, आधी हाच आवाज ऐकतो — कडी पडते, दार उघडतं, पुढे अंधार. थोरले, म्हणजे ज्यांनी खेळ काढला, कंपनी काढली, ते एकदा घरी चहाला आले होते. आवाज ऐकून कप खाली ठेवला आणि म्हणाले, पुन्हा उघडा बरं. मग पुन्हा. मग पुन्हा. शेवटी आई वैतागली : कपाट न्या हवं तर, पण माझी दारं खिळखिळी करू नका. थोरल्यांनी आवाज तेवढा नेला. आता ते नाहीत, त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसतो, आणि परवा ऑफिसात कंपनीच्या वकीलबाई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, गुडघेदुखीवर बोलल्या, पोरांच्या परीक्षांवर बोलल्या, आणि उठता उठता, अगदी सहज — “ती कडी तुमच्या घरची ना हो? आवाज आता कंपनीचाच, असं समजायला हरकत नाही ना?”

इतक्या वर्षांत कुणाला हरकत सुचली नव्हती. कुणी घरातली भांडी मोजायला लागलं की समजावं...

“कडीशी बोलतेस का गं?” आई खाटेवरून म्हणाली.

“विचार करतेय.”

“चादर देऊन कर. तुझ्या विचाराने माझी थंडी जात नाही.”

आईने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. माणूस बोलतो काय यापेक्षा अडखळतो कुठे ते ऐकावं, हे तिचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि लेकीने त्याच्यावर नोकरी केली.

नोकरी म्हणजे कट्टा राखण्याची. ‘चोरवाट’ खेळणारे कंपनीच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर जमतात, भांडतात, आणि वावड्या उठवतात. प्रत्येक वावडीवर तिने एक शिक्का मारायचा : खरं, थाप किंवा बघू. लोक तिला चाळणी म्हणतात. तिला ते आवडतं, पण आवडतं हे ती कुणाला कळू देत नाही. खोटं बोलणारा बातमीला दागिने घालतो. खऱ्या बातमीत एखादी बिनकामाची गोष्ट अडकून आलेली असते, तांदळातल्या खड्यासारखी. नव्या भागात उडणारे हत्ती येणार — थाप. नवा भाग लांबला, कारण नकाशे काढणाऱ्याचं मनगट प्लास्टरमध्ये आहे — खरं. मनगट कोण कशाला रचेल?

आणि आज सकाळी कट्टा उघडला तर सगळ्यात वर कुणा अनोळख्याने लिहिलं होतं : ‘चोरवाट’ विकली जातेय. मोजदाद चालू आहे. कडीच्या आवाजाची मालकी कुणाची, यावर घोडं अडलंय.

घोडं अडलंय. हा खडा तिच्या स्वतःच्या दाताखाली आला. ही वावडी तिला चाळायची नव्हतीच, ती तिच्याच कपाटातून निघाली होती... की मला तसं हवंय? आपली चाळणी किती बारीक, याचा गर्व म्हणून एका वकीलबाईच्या गुळमुळीत प्रश्नातून मी अख्खा बाजार उभा करतेय? तिने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. जमेला कडी, वकीलबाई, थोरल्यांच्या खोलीतली उतरवलेली चित्रं. नावे टाकायला फक्त तिची इच्छा, की हे खोटं असावं. इच्छेला पुरावा म्हणत नाहीत.

खाली लोकांचा गलका होता, आणि त्यात शिंपीदादा. पेशाने शिंपी, खेळाच्या नादाने गवंडी. लहानपणी पाडली गेलेली आपली गल्ली त्यांनी ‘चोरवाट’मध्ये पुन्हा बांधली होती, उंबऱ्याउंबऱ्याने. नवा मालक आला की आधी जुनी दारं बंद करतो, हे या लोकांनी दुसऱ्या एका खेळाच्या वेळी पाहिलं होतं. बंद झालं की आतलं आतच राहतं. शिंपीदादांनी तिला वेगळं विचारलं होतं : ‘चाळणीबाई, गल्ली माझ्या संगणकावर उतरवून घेऊ का? फार खटाटोप आहे, डोळे आता साथ देत नाहीत. तुम्ही थाप म्हटलंत तर नाही करत.’

तुम्ही थाप म्हटलंत तर.

दुपारी ऑफिसात धाकटे, म्हणजे थोरल्यांचा मुलगा, स्वतः तिच्या टेबलापर्यंत आले, हीच एक बातमी होती. शाळा सुटल्यावर बापाच्या खुर्चीत गरगर फिरणारा हा मुलगा तिने पाहिलेला. आता साहेब म्हणते.

“ताई, तो धागा पाहिलात ना? थाप लावून टाका. लोक उगीच घाबरतात.”

“थाप आहे का साहेब?”

“अहो, असं काही ठरलेलं नाही.”

ठरलेलं नाही. विकत नाही, असं नाही. तिच्या चुलतभावाने घर विकलं तेव्हा तोही खोक्यांवर बसून हेच म्हणत होता — अजून काही ठरलेलं नाही, चहा घेणार का, कप मात्र बांधलेत. तिला हसू आलं, ते तिने गिळलं.

धाकट्यांनी आवाज खाली आणला. “आणि कडीचं बाहेर कसं गेलं, ते कळलं तर बरं होईल. तीनच माणसांना माहीत होतं.”

“थाप असेल, तर बाहेर काय गेलं?”

उत्तर आईने कानाने ओळखलं असतं, तिला दिसलं. कानाची पाळी लाल झाली होती, लहानपणी खुर्चीचं चाक मोडल्यावर व्हायची तशीच.

“मी नाही सांगितलं,” ती म्हणाली. “वकीलबाईंना विचारा. त्या गुडघ्यांबद्दलही सगळ्यांना सांगतात.”

“तुमच्या शिक्क्यावर लोकांचा विश्वास आहे ताई, म्हणून तुम्हाला सांगतोय.”

“म्हणूनच लावत नाही. शिक्क्याचं बटण तुमच्या हातालाही लागतं. लावा की. खाली तुमचं नाव येईल.”

त्यांनी बटणाकडे पाहिलंसुद्धा. मग म्हणाले, “हे फिसकटलं तर इथल्या सगळ्यांची पंचाईत आहे. तुमचीही. घरी आई आहेत तुमच्या. सकाळपर्यंत विचार करा,” आणि दार न आपटता गेले. आपटलं असतं तर बरं झालं असतं; हळू लावलेलं दार जास्त वेळ ऐकू येतं.

आजूबाजूला डोकी खाली होती. नकाशेवाला, मनगट आता बरं झालेला. हिशेबनीस, तिची मुलगी लहान. मी कोण यांच्या ताटात माती कालवणारी?... पण थाप मारायची तर ती माझ्या नावाने का? विकायचं ते विका, खेळ तुमचा, भिंती तुमच्या. माझं ‘थाप’ मात्र मालाच्या यादीत नाही, ते मी कुणाच्या ताब्यात दिलेलं नाही.

तिने धाग्यावर ‘बघू’ लावलं. आणि शिंपीदादांना लिहिलं : ‘कापड शिवताना आत माया सोडता ना, पुढे उसवावं लागलं तर असावी म्हणून? तसंच समजा. आजच उतरवून ठेवा.’ पाठवलं, आणि संगणक बंद केला.

घरी आई जागीच होती. “काय ठरलं?”

“काही ठरलेलं नाही.”

“म्हणजे ठरलं,” आई म्हणाली, आणि कुशीवर वळली.

चादर काढायची नव्हती, तरी ती कपाटापाशी गेली. कडी उचलली, सोडली. टक्. खेळात आवाज इथे संपतो. पुढचं थोरल्यांनी कापलं होतं, लोकांना आत जायची घाई असते म्हणून. पण इथे, पितळ लाकडावर टेकल्यावर, एक बारीक थरथर उरत होती, कान लावला तरच कळेल अशी... ती इतकी वर्षं कुणी नेली नव्हती, मोजलीही नव्हती. सकाळी धाकटे येतील. येऊ देत. वकीलबाईंचं उत्तर अजून द्यायचंच राहिलंय, हे तिला आठवलं, आणि तिने ते ओठांत, चव बघावी तसं, म्हणून पाहिलं — हरकत आहे. मग जरा मोठ्याने, आईला ऐकू गेलं तर जावं अशा बेताने : हो, आहे हरकत.

थरथर अजून संपली नव्हती.