गोठ्यातला बल्ब

मोजायला कुणी आलं की बळीराम सावध व्हायचा. पनवेलजवळच्या विचुंब्यात त्याच्या वयाच्या सगळ्यांचंच तसं होतं, पण बळीरामानं त्याचं शास्त्र करून टाकलं होतं. त्याच्या बापाची भातशेती सरकारनं साखळी लावून मोजून नेली आणि तिथे नवीन पनवेलच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या. तेव्हापासून गाव शहाणं झालं. मोजणीवाला येतोय म्हटलं की वाढवायचं. एकदा भरपाईसाठी झाडं मोजणार असं कळलं, तेव्हा बळीरामाच्या चुलत्यानं आंब्याच्या फांद्या तोडून रांगेनं जमिनीत खोचल्या होत्या. साहेबानं त्या झाडं म्हणून लिहून घेतल्या. साहेब काही आंधळा नव्हता, त्यालाही काहीतरी मिळालं असणार, असं बळीरामाचं मत होतं. त्याची मतं बहुतेक अशीच असत.

आणि अशा माणसाच्या पोरीला नोकरी लागली ती दिवे मोजायची.

मनस्वी बीएस्सी झाली होती. पनवेलला एसटी स्टँडजवळच्या एका कंपनीत तिला काम मिळालं. घरोघरचा पिवळा बल्ब काढून घ्यायचा आणि पंधरा रुपयांत कमी वीज खाणारा पांढरा सीएफएल दिवा द्यायचा, अशी कंपनीची योजना होती. बदलायला टेम्पोतली माणसं यायची. मागाहून मनस्वी यायची आणि बदललेल्या जागी आधी खरोखर दिवा जळत होता का ते बघायची. काम नीट झालं तर तिला कायम करणार होते.

कोपनहेगनची हवामान बदलावरची परिषद नुकतीच संपली होती. मोठे देश काही ठरवल्याविना घरी गेले, असं टीव्हीवाला सांगत होता. बळीरामाला त्यात नवल वाटलं नाही.

"हे दिवे फुकटावारी वाटून कुनाचा फायदा हाय?" जेवताना त्यानं विचारलं.

"बाबा, मोठ्या देशांनी मागे क्योटोच्या परिषदेत वचन दिलंय, धूर कमी करू म्हणून. ज्यांना जमत नाही ते दुसऱ्याकडे कमी झालेला धूर विकत घेतात. आपल्याकडे वीज वाचली की कोळसा कमी जळतो. तो न निघालेला धूर त्यांच्या नावावर लागतो."

"म्हंजे पाप त्यांनी करायचं आन् उपास आमी धरायचा?"

"तसंच समजा," मनस्वी हसली. "पण उपास खरा असेल तर थोडं तरी पाप फिटतं."

"आन् खोटा असला तर?"

"तर काहीच फिटत नाही, आणि ते मात्र फिटलं म्हणून आणखी करायला मोकळे. म्हणून तर मला तपासायला ठेवलंय."

पुढच्या आठवड्यात बळीराम पनवेलच्या बाजारात फ्यूजची तार आणायला गेला. दुकानदार वैतागलेला होता. पिवळे बल्ब दुकानात टिकतच नव्हते म्हणे. "तुमच्या विचुंब्याचीच गिऱ्हाइकं. वहिनी पण घेऊन गेल्या की."

घरी येऊन बळीराम सरळ मागे गोठ्यात गेला. तिथे जन्मात कधी दिवा नव्हता. आता नवं कोरं होल्डर होतं आणि त्यात पांढरा दिवा. खाली दोन शेळ्या भर दुपारी उजेडात रवंथ करत होत्या.

"दुकानातनं पिवला बल्ब आनायचा, हितं लावायचा आन् टेम्पोवाल्याला द्यायचा," भामानं, त्याच्या बायकोनं, शांतपणे सांगितलं. "पंधरा रुपयांत भारीतला दिवा मिलतो. सगल्यांनी केलाय. तुमीच शिकवलाय ना, मोजायला आले का वाढवायचं?"

"मनस्वीला ठाव हाय?"

"तिनं बघितला. काय बोलली नाय. वहीत कायतरी लिवून गेली."

एरवी बळीराम यावर पोट धरून हसला असता. परदेशातला कुणी गोरा आपल्या शेळ्यांच्या उजेडाचे पैसे भरतोय, याहून मोठी गंमत नव्हती. पण मधे पोरगी होती. बघून गप्प बसली, म्हणजे तीही सामील. कायम व्हायचं असेल तर आकडा फुगवायलाच हवा. पोरगी आपल्याच वळणावर गेली याचं त्याला फार वाईट वाटलं, आणि ती पकडली जाईल याची भीती त्याहून जास्त वाटली. विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच विचारायचं नसतं, हा त्याच्या शास्त्रातला पहिला नियम होता.

तो नुसता बघत राहिला. मनस्वी जेवेनाशी झाली होती. कंपनीतल्या वरिष्ठांचा फोन आला की अंगणात जाऊन बोलायची. गुरुवारी ती म्हणाली, "बाबा, उद्या तपासणीचे साहेब येणार आहेत. विचारतील ते खरं सांगा."

आता याहून सरळ वाक्य मराठीत सापडणं कठीण. पण बळीरामाला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी "खरं सांगा" म्हटलं होतं, त्यांनी ते डोळा मिचकावून म्हटलं होतं.

शुक्रवारी जीप आली. धूर विकत घेणाऱ्यांच्या वतीनं तपासणारे दिनानाथ साहेब उतरले. बरोबर मनस्वीचे वरिष्ठ शैलेश सर होते. अख्खं गाव सोडून ते थेट बळीरामाच्या गोठ्यात शिरले. कुणीतरी चुगली केली, बळीरामानं ओळखलं.

"काका, इथे आधी पिवळा बल्ब होता?" दिनानाथांनी विचारलं.

मनस्वी बापाकडे एकटक बघत होती. ती नजर विनवणीची होती, एवढं त्याला कळलं.

"होता," बळीराम म्हणाला. "धा वरसं जलतोय. शेली व्यायला झाली का रातभर ठेवायचो."

दिनानाथांनी लिहून घेतलं. शैलेश सर खुलले. "बघ मनस्वी, मी काय सांगत होतो? उगाच अर्धं गाव खोटं ठरवून बसलीस."

"पहिलीच शंकेची जागा खरी निघाली," दिनानाथ म्हणाले. "आता बाकीच्या काय बघायच्या? सगळ्या धरून टाका."

ते जीपकडे गेले. गोठ्यात बापलेक उरले.

"शंकेच्या यादीत मी आपलं घर मुद्दाम पहिलं ठेवलं होतं," मनस्वी म्हणाली. "सर ऐकत नव्हते. मी म्हटलं, माझ्या वडिलांना विचारा, ते कुणाला घाबरत नाहीत. खरं सांगतील."

"पोरी, मना वाटलं तू..."

"काय वाटलं?"

बळीराम शेळ्यांकडे बघू लागला. तिला कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मलाही त्यांच्यातच धरलंत," ती म्हणाली आणि घरात गेली.

बळीराम धावत जीपपाशी गेला. "साहेब, नवता. गोठ्यात कदीच दिवा नवता. मी खोटं बोललो."

दिनानाथांनी शैलेश सरांकडे बघितलं. शैलेश सर आतून म्हणाले, "काका, घाबरू नका. दिवा कुणी काढून नेणार नाही." जीप निघाली.

मनस्वी ओट्यावर बसली होती. ओळखपत्र गळ्यातून काढून तिनं बाजूला ठेवलं होतं.

"मी त्यांना खरं सांगून आलो," बळीराम म्हणाला.

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. मोजणीवाल्याकडे तो असाच बघायचा.

"खरंच?" तिनं विचारलं.