सुबाभळीची ओल

कल्याणीने चिमट्याने उचललेला प्लायवूडचा तुकडा उकळत्या पाण्याबाहेर येता येताच दोन भागांत सुटला. खालचा भाग पुन्हा पातेल्यात पडला.

"झालं," कारखान्याचे मालक सर्जेराव म्हणाले. "तुमची सुबाभूळ पोहायला शिकली."

लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्याला लागून त्यांचा प्लायवूडचा कारखाना होता. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला सहाशे टेबलांसाठी माल हवा होता. अट एकच: लाकूड कुठल्या जमिनीवरचं, हे कागदावर दिसलं पाहिजे. आजवर सर्जेराव बंदरावरच्या व्यापाऱ्याकडून परदेशी ओंडके घेत. ते कुठल्या जंगलातले, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक नसे. जंगल राखल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं तर तपासनीसांची फी, दरवर्षीची फेरतपासणी, वर प्रमाणित लाकडाचा चढा भाव. सहाशे टेबलांचा नफा त्यातच संपत होता.

कल्याणीने दुसरी वाट सुचवली होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या फिटरची ही मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन चारच महिन्यांपूर्वी इथे लागलेली. आसपासच्या बांधांवर सुबाभूळ उभी आहे, ती घ्यावी आणि सोबत शेतकऱ्यांचे सातबारे जोडावेत, असं तिचं म्हणणं. कंपनीच्या खरेदी विभागातल्या ऋतिकाने ते मान्य केलं, पण सातबाऱ्यांबरोबर उकळण्याच्या चाचणीत पास झालेला नमुनाही मागितला. मुदत शनिवारपर्यंत. आज सोमवार होता.

"शनिवारी तुकडा टिकला नाही, तर ऑर्डर सोडली," सर्जेराव म्हणाले आणि निघून गेले.

कल्याणीने दोन्ही भाग खिडकीत धरले. लाकूड कुठेच फाटलं नव्हतं. डिंकाच्या थरावर मात्र बारीक फोड होते, भाकरीला येतात तसे. फोड म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे पाणी. पण पाणी आलं कुठून? गरम प्रेसमध्ये जाण्याआधी लाकडाचा प्रत्येक पापुद्रा ओल मोजायच्या मीटरखालून गेला होता, आणि मीटरने सगळीकडे सहाच टक्के, म्हणजे कोरडं, दाखवलं होतं.

ती सुकवणीच्या भट्टीशी जाऊन उभी राहिली. तिथले जुने कारागीर महिपती पापुद्रा उचलत, क्षणभर गालाला लावत, तोंड वाकडं करत, मग मीटर टेकवत आणि पुढे पाठवून देत.

"मामा, तोंड का वाकडं करता?"

"गार लागतंय. ओलं हाय."

"मग पुढे कशाला पाठवता?"

महिपतींनी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. कल्याणीच्याच अक्षरात तिथे लिहिलं होतं: 'अंदाज चालणार नाही. मीटर सांगेल तेच खरं.'

"तुमीच लिवलंय न्हवं? म्हनलं, शिकलेली पोरगी हाय, बघू या काय करती."

कल्याणीने मीटर उलटं केलं. मागे एक चकती होती, लाकडाची जात निवडायची. ती अजून त्या परदेशी लाकडावरच होती, आणि सुबाभूळ तर यादीतच नव्हती. म्हणजे सुबाभूळ आल्यापासून हे यंत्र एका लाकडाची ओल दुसऱ्या लाकडाच्या मापाने सांगत होतं.

तिने खात्री करायचं ठरवलं. दहा पापुद्र्यांचे तुकडे तिने वजन करून प्रयोगशाळेच्या छोट्या भट्टीत ठेवले. ते पुरते सुकल्यावर पुन्हा वजन केलं. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी. त्याआधी त्याच दहांवर महिपतींनी गाल लावून खडूने 'ओलं' किंवा 'कोरडं' लिहिलं होतं.

मीटरने दहाही कोरडे म्हटले होते. वजनाने सात ओले निघाले, बारा टक्क्यांपर्यंत. महिपतींचे नऊ बरोबर आले.

"हा दहावा कसा चुकला?" कल्याणीने विचारलं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

महिपतींनी डावा गाल चोळला. "ह्या अंगाला लावला आसंल. दाढी वाढलीया."

पापुद्रे आणखी वेळ सुकवून, वजनाने तपासूनच बुधवारी नवा नमुना दाबला. गुरुवारी आठ तास उकळ, रात्रभर भट्टीत, शुक्रवारी पुन्हा आठ तास उकळ. शनिवारी सकाळी सर्जेरावांनी स्वतः सुरी घेतली, पात्याचं टोक थरात घुसवून जोर लावला. थर सुटला नाही. कडेचं लाकूडच चिरत गेलं आणि पात्यावर रेशे चिकटून आले. डिंकापेक्षा लाकूड आधी हरलं, म्हणजे तुकडा पास.

त्यांनी सुरी पँटला पुसली.

"हिंजवडीला फोन लावा," ते म्हणाले. "आणि बावीस शेतकऱ्यांचे सातबारे गोळा करायला कोण जाणार? तुमचं मीटर?"

"मी जाते. मामांना घेऊन."

फळ्यावरचं 'मीटर सांगेल तेच खरं' हे दुसरं वाक्य तिने पुसलं. पहिल्याशी हात थांबला. गाल हा अंदाज म्हणायचा की मोजमाप, हे तिला ठरवता येईना. शेवटी ते तसंच ठेवून तिने खाली लिहिलं: 'सुबाभूळ: वजन करूनच. तोवर महिपती.'

सोमवारी महिपती कामावर आले, ते दोन्ही गाल गुळगुळीत करून.