डाव्या हाताची मूठ

डॉक्टरानं जे सांगितलं त्याचा चांगुणाबाईला राग आला नाही. राग आला तो घरच्यांनी त्याचं जे काही केलं त्याचा.

नांदेडच्या डॉक्टरानं तिला चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावलं. मग तिच्या लेकाकडं, दत्तप्रसादकडं वळून सांगितलं की पार्किन्सन आहे, आपण कंपवात म्हणतो तो. पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या तर आवरता येतो. हिंडतं-फिरतं राहायचं, झेपतील ती कामं सोडायची नाहीत. एवढं साधं सांगणं. पण दत्तानं कानात काय भरून घेतलं देव जाणे, शिरड शहापूरला घरी पोचेपर्यंत त्यातलं ‘बरा होत नाही’ एवढंच उरलं होतं.

झालं, दुसऱ्या दिवसापासून बाईचं राज्य खालसा. सुनेनं, सुकन्यानं, हातातली विळी काढून घेतली. चहा अर्धा पेला मिळायला लागला, सांडू नये म्हणून. सून वाईट नव्हती हो, उलट जीव लावायची, आणि तेच तर चांगुणाबाईला सोसवेना. भांडखोर सुनेशी निदान भांडता तरी आलं असतं. ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची मांडून तिला त्यात बसवली, आणि येणारा-जाणारा जो तो तिच्या थरथरत्या उजव्या हाताकडं बघून च्च च्च करून जायला लागला. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आपल्याला लाज वाटते, याचाच पुन्हा संताप यायचा.

दोन महिने तिनं हे गिळलं. मग दसरा उलटला, रानात पेरणीजोगी ओल राहून वापसा झाला, आणि एका सकाळी जेवता जेवता दत्ता सहज बोलून गेला की औंदा विहिरीकडची ज्वारी बी ट्रॅक्टरनंच पेरून घेऊ, मायला आता काय जमायचं न्हाई. चांगुणाबाईचा घास तोंडातच राहिला.

त्या घरात सोयाबीन, हरभरा कशानंही पेरा, पण विहिरीकडच्या एकरातली खायची ज्वारी तिफणीनंच पेरायची आणि चाड्यावर मूठ घरच्या बाईची, अशी रीत होती. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी. बैल चालतात, गडी तिफण दाबून धरतो आणि बाई शेजारून चालत कमरेच्या ओटीतलं बी मुठीत घेऊन बोटांच्या फटीतून त्या वाटीत सोडत राहते. खाली तीन नळ्यांतून ते तीन तासांत, म्हणजे फणांनी पाडलेल्या तीन रेघांत, पडतं. मूठ घट्ट झाली की रानाला टक्कल पडलं म्हणून समजा, सैल झाली की नुसती गिचमीड. चांगुणाबाईच्या सासूनं ही मूठ तिच्या हवाली केली त्याला अडतीस वर्षं झाली. मधी दोन बाळंतपणं झाली, पिशवीचं ऑपरेशन झालं, तरी मूठ कधी दुसऱ्याच्या हातात गेली नव्हती. आणि आज हा पोरगा भाकरी मोडता मोडता ती काढून घ्यायला निघाला होता.

“मीच पेरनार,” ती म्हणाली.

दत्तानं समजावलं. सुकन्यानं डोळ्यांत पाणी आणलं. ढेकळात पडलीस, कंबरडं मोडलं, तर काय करायचं, असं दोघांनी दोन बाजूंनी विचारून पाहिलं. चांगुणाबाई ताटातलं कालवण चाटून मोकळी झाली. आज ही मूठ सुटली तर आपण त्या खुर्चीतून उठायचं ते तिरडीवरच, हे तिला पक्कं कळलं होतं. तिचा नवरा नामाजी मुळातच मोजकं बोलणारा. बायको अडून बसली की तिच्यापेक्षा बैलाची समजूत काढणं सोपं, हे त्याच्या अनुभवाचं होतं. त्यानं फक्त विचारलं, गोळी घेतल्यावर किती वेळानं हातपाय मोकळे होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अनशापोटी गोळी घेतली, तासभर थांबली आणि रानात गेली. नामाजीनं तिफणीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि तिफण धरली. दत्ता धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, येऊन उभा राहिला, पहारा द्यायला आल्यासारखा.

तिनं मूठ भरली आणि नवल झालं, हाताची थरथर थांबली. तिला इतका आनंद झाला की बैलांच्या आधी तीच निघाली. पण चार पावलांतच खरी गोम कळली. हात हलत नव्हता, तसा तो उघडतही नव्हता. बोटं आखडून बसली. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंतच्या पाळीत निम्म्या वाटेपर्यंत एक दाणा पडला नाही, आणि मग बोटं सुटली ती सगळी मूठ एकदम ओतूनच. दुसऱ्या पाळीला तेच. तिसऱ्या पाळीला वळताना पाय जमिनीला चिकटले, बैल पुढं गेले आणि ती तोंडावर आपटली.

नामाजीनं कासरा ओढून बैल थांबवले, दत्ता धावत आला. तिनं त्याला हात लावू दिला नाही. गुडघ्यावर आली, तिफणीच्या आधारानं उभी राहिली, तोंडातली माती थुंकली.

“माय, बास झालं,” दत्ता रडवेला होऊन म्हणाला. “कुनाला दाखवून राहिलीस?”

त्याला उत्तर द्यायला तिला फुरसत नव्हती. ती आपल्या उजव्या हाताला शिव्या घालत होती. अडतीस वर्षं पोसला मुडद्याला, आणि ऐन वेळी दगा दिला. शिव्या संपल्या तशी तिनं ओटीत डावा हात घातला.

नामाजीनं बैल हाकलेच नाहीत. डाव्या हातानं देवाला फूल वाहत नाहीत, दारी आलेल्याला तांब्या देत नाहीत, आणि ही तर खायची ज्वारी. एरवी हूं की चूं न करणारा माणूस, पण आता त्याचा आवाज चढला. “डाव्या हाताची मूठ न्हाई चालायची. रान बाटंल.”

“काहून?” ती गरकन वळली. “ह्याच डाव्या हातानं तुमच्या लेकाचं ढुंगन धुतलं मी, तीन वर्सं. ह्यो बाटला का? चांगला सा फूट वाढला, आन् आज मलाच शिकवून राहिला.”

दत्ताला हसावं का मान खाली घालावी कळेना. नामाजीनं तिफण सोडली. आता हा बैल सोडणार आणि आपण पुन्हा ओसरीवर, असंच चांगुणाबाईला वाटलं. पण तो बैलांकडं गेलाच नाही. तो तिच्याजवळ आला, तिच्या ओटीची गाठ सोडली, डाव्या हाताला बी घेता येईल अशी ती फिरवून दुसऱ्या अंगाला कचकून बांधली. तिच्या तोंडाकडं त्यानं पाहिलं नाही. आता तिफणीच्या उजव्या अंगानं चाल, एवढंच सांगून तो आपल्या जागी गेला.

डावा हात अडाणीच होता. पहिल्या पाळीला त्यानं बी असं सांडलं की चिमण्यांची दिवाळी झाली असती. दुसऱ्या पाळीला जरा आवरला. नामाजीनं न सांगता बैलांची चाल मंद केली. पाचव्या-सहाव्या पाळीला बोटांना ठाव लागला आणि दाणे सरसर वाटीत उतरायला लागले. तो आवाज कानी पडल्यावर चांगुणाबाईच्या डोळ्यांतून पाणीच आलं, पण हात थांबला नाही.

दत्ता धुरा सोडून तिच्या बाजूनं चालायला लागला होता.

“माय,” शेवटी त्यानं हळूच तोंड उघडलं, “डॉक्टर म्हनला व्हता, फुडं चालून ह्यो हात बी...”

“तव्हा तोंडानं पेरीन,” ती चालता चालताच म्हणाली. “सरक तिकडं. तासात पाय देऊन राहिला तू.”

दत्ता बाजूला सरला, आणि तिफण पुढं गेली.